बहुउपयोगी वाहन : कसोटी तिसऱ्या रांगेची

आजी-आजोबा, आई-वडील, मुले आणि चार बॅगा एकाच गाडीतून गावी नेता याव्यात, या अपेक्षेतून बहुउपयोगी वाहनाची निवड होते. शोरूममध्ये ग्राहक पुढच्या दाराने आत शिरतो, स्टिअरिंग हातात घेतो, डॅशबोर्डवरचा पडदा न्याहाळतो. या वाहनाची पारख मात्र तिसऱ्या रांगेत बसून करावी लागते. रचनाकाराने केलेल्या तडजोडी अखेर तिथेच येऊन साचतात.

पुण्यात तयार झालेली टाटा सुमो १९९४ मध्ये बाजारात आली. सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. मागे समोरासमोर बाके आणि खाली ट्रकप्रमाणे शिडीच्या आकाराची पोलादी चासी, अशी तिची रचना होती. २००५ मध्ये आलेली टोयोटा इनोव्हा आरामात कितीतरी सरस होती, तरी तिचा पायाही चासीचाच होता. अशी गाडी खराब रस्ता आणि भरपूर ओझे सहज सोसते. टूर व्यावसायिकांचा तिच्यावर लोभ जडला तो उगाच नव्हे. पण इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा, मागचा आस आणि चासी यांच्यावर तळ येत असल्याने तो उंच होतो. छप्पर किती उंचावायचे याला मर्यादा असते. मग आसन तळालगत बसवावे लागते आणि तिसऱ्या रांगेतील प्रवाशाचे गुडघे वर येतात. पाऊण तासात मांड्या अवघडतात.

मारुती अर्टिगाने २०१२ मध्ये वेगळी वाट धरली. स्वतंत्र चासी नाही, मोटारीप्रमाणे एकसंध सांगाडा. इंजिन आडवे बसवलेले आणि शक्ती पुढच्या चाकांना. आडव्या इंजिनामुळे बॉनेट आखूड होते आणि वाचलेली लांबी प्रवाशांना मिळते. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, इनोव्हात २७५० मिलिमीटर होता. अर्टिगात तो २७४० मिलिमीटर, आणि तोही इनोव्हापेक्षा बऱ्याच आखूड, म्हणजे ४२६५ मिलिमीटर लांबीच्या गाडीत! २०२२ मध्ये इनोव्हाचेच नाव घेऊन आलेल्या हायक्रॉसने चासी सोडून हीच पद्धत स्वीकारली आणि व्हीलबेस २८५० मिलिमीटरवर नेला.

सामानाचा हिशेब मात्र कोणत्याही पद्धतीत सुटत नाही. २०१८ च्या अर्टिगात सातही आसने उभी असताना डिकीत २०९ लिटर जागा उरते. तिसरी रांग दुमडली की ती ५५० लिटर होते. म्हणजे सात माणसे किंवा सात माणसांचे सामान, यांपैकी एकच. सीएनजी प्रकारात सिलिंडरही डिकीतच असतो. उरलेल्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर चढतात, गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि घाटातल्या वळणावर ती अधिक कलते.

सर्वांत कमी बोलले जाते ते सुरक्षिततेबद्दल. ग्लोबल एनकॅप किंवा भारत एनकॅपच्या समोरून धडकेच्या चाचणीत प्रौढांचे पुतळे पुढच्या आसनांवर आणि मुलांचे दुसऱ्या रांगेत बसवतात. तिसरी रांग रिकामीच असते. त्यामुळे पाच तारे मिळालेल्या गाडीतही सर्वांत मागे बसलेल्या नातवंडांविषयी ते तारे फारसे काही सांगत नाहीत. मागून धडक बसल्यास धक्का शोषणारा भाग किती उरतो, हे शेवटचे आसन आणि मागचे दार यांतील अंतरावरून ताडता येते. ते वीतभर असेल तर विचार करावा. पडदा-एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. ‘सहा एअरबॅग’ एवढ्या उत्तराने ते कळत नाही.

पुढे तोंड असलेल्या मागील आसनांवरही पट्टा बांधणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे. तरी तिसऱ्या रांगेचे पट्टे अनेकदा आसनाच्या फटीत दडपलेले दिसतात. चाचणी फेरीला घरातील सर्वांत उंच माणसाला मागे बसवून पट्टा लावायला सांगावे, आणि आजींना दुसरी रांग ओलांडून तिथे जाता येते का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.