विश्लेषण : साताऱ्याचा खेळाडू नक्की कोणाविरुद्ध खेळणार?

आटपाडीहून सांगोला तासाभराच्या अंतरावर. तरीही आटपाडीच्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सांगोल्याच्या संघासमोर उतरत नाही. आटपाडी सांगली जिल्ह्यात, म्हणून शिवाजी विद्यापीठात. सांगोला सोलापूर जिल्ह्यात, म्हणून सोलापूरच्या विद्यापीठात. साताऱ्यात तर एकाच शहरातील महाविद्यालये आता दोन विद्यापीठांत विभागली गेली आहेत. खेळाडूंचे यात काय होते?

ही विभागणी झाली कशी?

१९६२ पूर्वी या भागातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झाले. २००४ मध्ये सोलापूर जिल्हा वेगळा झाला आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे उरले. २०२१ मध्ये रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातील तीन महाविद्यालये (यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय) एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाले. वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, कृषी महाविद्यालये राहुरीकडे, कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ अभिमत. परीक्षा, अभ्यासक्रम, प्रशासन यांसाठी हे निर्णय योग्यच असतील. पण त्यातला एकही मैदान डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला नाही.

खेळाडूवर परिणाम काय?

शिवाजी विद्यापीठात आधी कोल्हापूर, सांगली, सातारा अशा विभागीय स्पर्धा होतात, मग आंतरविभागीय. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत महाराष्ट्रासह गुजरात, राजस्थान, गोवा, मध्य प्रदेशातील संघांशी भिडतो. तेथून अखिल भारतीय आणि पुढे २०२० पासून ‘खेलो इंडिया’ची विद्यापीठ स्पर्धा.

समूह विद्यापीठात ही शिडी एकदम आखूड होते. तीन महाविद्यालयांतून निवड झाली की थेट विद्यापीठाची जर्सी. जवळपास तीनशे महाविद्यालयांच्या गर्दीत जो मुलगा राखीव खेळाडूंतही बसला नसता, त्याला पश्चिम विभागात खेळायला मिळते. ही संधी छोटी नाही. अडचण अशी, की तेथे पोहोचेपर्यंत त्याने खरे कठीण सामने किती खेळलेले असतात? आणि साताऱ्यातील जी महाविद्यालये शिवाजी विद्यापीठात राहिली, त्यांच्या विभागातून तीन प्रतिस्पर्धी कमी झाले, तेही शहरातलेच.

फुटबॉलमध्ये हे जास्त जाणवेल. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षे लीग खेळतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे तिथे घराघरात माहीत आहेत. सांगली-साताऱ्याच्या मुलांना फुटबॉल शिकायचा तर या खेळाडूंसमोर उभे राहणे हीच मोठी शाळा. ती शाळाच विद्यापीठाबाहेर गेली तर?

अमेरिकेत काय घडले?

तेथील महाविद्यालयीन फुटबॉल ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळला जातो. पश्चिम किनाऱ्यावरचा ‘पॅक-१२’ हा जुना गट टीव्हीच्या पैशामुळे फुटला. २०२४ च्या हंगामात त्यात फक्त ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट उरले. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड चक्क ‘अटलांटिक कोस्ट’ गटात गेले. व्हॉलीबॉलच्या मुलीही आता एका सामन्यासाठी देश ओलांडतात. आपल्याकडे टीव्हीचा पैसा नाही, पण सदस्यत्व एका कारणाने ठरते आणि प्रवास दुसऱ्यालाच करावा लागतो, हे दोन्हीकडे सारखेच.

वेळापत्रकात बदल शक्य आहे?

शक्य आहे, आणि खरी गरज तेथेच आहे. बाद पद्धतीत १६ संघांचे १५ सामने होतात. त्यातले ८ संघ एकच सामना खेळून एसटी पकडतात. वर्षभराच्या सरावाचे मोल चाळीस मिनिटे! त्याऐवजी चार-चार संघांचे चार गट केले तर गटांत २४ आणि उपांत्य-अंतिम मिळून ३, असे २७ सामने होतात. प्रत्येकाला किमान ३. दिवस वाढतील, पंचांचे मानधन वाढेल, हे खरे. पण गट अंतरानुसार पाडले तर मुक्काम वाचतो. कराड-विटा सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. फलटणहून कोल्हापूर तसे जमत नाही.

काळही पाहावा लागेल. ऑगस्टमध्ये पाटण-महाबळेश्वरकडे मैदानावर चिखल, हिवाळ्यात सत्र परीक्षा, त्यातच ऊसतोड. ज्या घरात तोड आली, तिथला मुलगा सामन्याला येईलच असे नाही.

मग सदस्यत्वाचे काय करायचे?

सदस्यत्व आहे तसे राहू द्यावे. सामने मात्र वेगळे काढावेत, असे वाटते. विद्यापीठ संघाची निवड ज्याने त्याने करावी. त्याआधी आटपाडी-सांगोला, कराड-विटा, साताऱ्यातील दोन्ही विद्यापीठांची महाविद्यालये अशी जवळच्या संघांची सराव लीग व्हावी. विद्यापीठाच्या अधिकृत स्पर्धेत ती धरली जाणार नाही, त्यामुळे पात्रतेचा वाद नाही. प्रश्न प्रवासभत्त्याचा, विम्याचा आणि हजेरीचा उरतो: अनधिकृत सामन्याला गेलेल्या मुलाची तासिका बुडाली असे धरायचे की नाही, याचे लेखी उत्तर आधी हवे. सुरुवात कबड्डी किंवा खो-खोने करणे सोपे. फुटबॉलसाठी पूर्ण मापाचे मैदान प्रत्येक महाविद्यालयाकडे कुठे आहे?