आठवड्यातून एकदा

औषधाच्या चिठ्ठीवर १-०-१ लिहिलं की सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, हे बडोद्यात कुणालाही समजतं. रावपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानात काउंटरमागचा मुलगा तेच आकडे पाकिटावर उतरवून देतो. या तीन खणांत दिवस मावतो, आठवडा मावत नाही. आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवातावर सगळ्यात जास्त दिलं जाणारं औषध, मेथोट्रेक्सेट, घ्यायचं असतं आठवड्यातून एकदा: साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, ठरलेल्या एका वारी. तोच डोस कुणी चुकून रोज घेत राहिलं तर काही दिवसांतच तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, आणि माणूस दगावू शकतो. अशा मृत्यूंच्या नोंदी जगभरात आहेत. भरीस भर म्हणजे सोबत दिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळीही बहुतेकदा तशीच छोटी आणि पिवळसर असते, आणि दोन्हींच्या काही ब्रँडची नावं एकाच अक्षराने सुरू होतात. एकाच पट्टीतली गोळी एकीला चालतंफिरतं ठेवते आणि दुसरीला अतिदक्षता विभागात नेते, तेव्हा रसायन बदललेलं नसतं. बदललेली असते गोळीभोवतीची व्यवस्था: वार, मोजमाप, रक्ततपासणी आणि ती वाचणारं माणूस. मेथोट्रेक्सेटसारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची सुरक्षितता मुख्यतः या व्यवस्थेत असते असं मला ठामपणे वाटतं. आपली भीती मात्र गोळीवर खिळलेली असते, आणि तिच्यापायी नको तिथे घाबरणं आणि नको तिथे बिनधास्त राहणं, दोन्ही घडतं.

भीतीचं पहिलं कारण उघड आहे. मेथोट्रेक्सेटची माहिती शोधली की ‘कॅन्सरचं औषध’ हेच आधी समोर येतं. ते खोटंही नाही. १९४८ साली सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांना याच कुळातलं अमिनोप्टेरिन दिलं. ते तयार झालं होतं लेडर्ली प्रयोगशाळेत, भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली. सुब्बाराव त्याच वर्षी वारले, आणि त्यांचं नाव आजही आपल्या किती कमी डॉक्टरांना ठाऊक असतं याचं वाईट वाटतं. पण हाडाच्या कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे बारा ग्रॅमपर्यंत देतात, आणि संधिवातात आठवड्याला पंधरा-वीस मिलिग्रॅम. हा फरक शेकडो पटींचा आहे, आणि इतक्या कमी डोसात औषधाचं कामही वेगळं असतं: पेशी मारण्यापेक्षा दाह शमवणारी रसायनं वाढवण्याचं. १९८५च्या सुमारास नियंत्रित चाचण्यांनी संधिवातातला त्याचा उपयोग दाखवला, १९८८मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे २००२ साली लॅन्सेटमध्ये १,२४० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा साठ टक्क्यांनी कमी होतं. हा निरीक्षणात्मक अभ्यास होता, त्यामुळे सगळं श्रेय गोळीला देता येत नाही. पण औषध आयुष्य खातं असं मानणाऱ्याला या आकड्याचा हिशेब द्यावाच लागेल.

दुष्परिणामांबद्दलचा सगळ्यात प्रामाणिक पुरावा संधिवाताच्या रुग्णांकडून मिळतच नाही, कारण थकवा, मळमळ, वारंवार होणारा संसर्ग यात आजाराचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत हे योगायोगाने साधलं. हृदयविकाराच्या, पण संधिवात नसलेल्या सुमारे ४,८०० जणांपैकी निम्म्यांना आठवड्याचं मेथोट्रेक्सेट आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली गेली. फॉलिक ॲसिड सगळ्यांनाच होतं. हृदयाला काही फायदा झाला नाही. पण २०२०मध्ये दुष्परिणामांचा हिशेब छापून आला, तेव्हा औषध घेणाऱ्यांपैकी ८७ टक्क्यांनी आणि खोट्या गोळीवाल्यांपैकी साडेएक्क्याऐंशी टक्क्यांनी काही ना काही त्रास नोंदवला होता. फरक खरा आहे, आणि तो लपवायचा नाही: पोटाच्या, फुप्फुसाच्या आणि रक्तपेशींच्या तक्रारी, संसर्ग आणि यकृताच्या एन्झाइमची वाढ औषधाच्या बाजूला जास्त होती. पण तो फरक लोकांच्या कल्पनेतल्या विषाएवढा नाही, आणि त्यातला मोठा भाग रक्ताच्या अहवालात आधी दिसतो, अंगावर नंतर.

तो दिसतो कसा, हे जवळून पाहण्यासारखं आहे. डॉक्टर आधी सांधे दाबतात: दोन्ही खांदे, कोपरं, मनगटं, बोटांची पेरं आणि गुडघे मिळून अठ्ठावीस. दाबायचं किती याचंही माप ठरलेलं आहे, तपासणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतकं. किती सांधे दुखतात आणि किती सुजलेत, हे दोन वेगळे आकडे लिहिले जातात, कारण दुखणं रुग्ण सांगतो आणि सूज बोटांना लागते. मग ईएसआर. काही लॅबमध्ये अजूनही वेस्टरग्रेनची लांब काचेची नळी लाकडी स्टँडमध्ये सरळ उभी करतात आणि तासाभराने लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचतात. नळी जराशी कलली तरी आकडा वाढतो, म्हणून स्टँड कुठे ठेवलाय यालाही महत्त्व. इथवर आजाराची मोजणी झाली, औषधाची यानंतर. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, यकृताचं एसजीपीटी, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन, पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढे दर दोन-तीन महिन्यांनी. यात एकटा आकडा फारसं काही सांगत नाही, त्याची मागच्या आकड्यांशी तुलना सांगते. प्लेटलेट दोन लाखांवर असणं ठीकच, पण मागच्या तीन वेळा साडेतीन, तीन, अडीच असे असतील तर तीच नोंद थांबून विचार करायला लावते. क्रिएटिनिन चढलं तर औषध मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही, तोच डोस अंगात जास्त काळ राहतो. आणि लघवीच्या जळजळीवर कुणी ट्रायमेथोप्रिम-सल्फाची गोळी दिली असेल, तर मेथोट्रेक्सेटबरोबर ती अस्थिमज्जा धोक्यात आणू शकते. ही गाठ त्या दोन्ही चिठ्ठ्या एकाच फायलीत असतील तरच लक्षात येते. म्हणून मला ती जाडजूड, कोपरे दुमडलेली फाईल गोळीइतकीच औषधी वाटते.

आता उलट बाजू. मेथोट्रेक्सेटला नको म्हणणारी अनेक घरं स्टेरॉइड मात्र वर्षानुवर्षं विनातक्रार घेतात, कारण ते पहिल्याच दिवशी आराम देतं. सप्टेंबर १९४८मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोनचं पहिलं इंजेक्शन दिलं, काही दिवसांत अंथरुणाला खिळलेली बाई चालू लागली, आणि १९५० साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पुढच्या काही वर्षांत त्याची किंमतही कळली: ठिसूळ हाडं, मोतीबिंदू, साखर, संसर्ग. तरीही ते औषध वाईट नाही. ल्युपस या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजाराने मूत्रपिंडावर हल्ला केला असेल तर पहिल्या काही दिवसांत त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. वाईट आहे ते बेहिशेबी वापरणं, ‘देशी दवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत कालवलेलं असणं, आणि कुणी एका दिवसात बंद करणं. बडोद्याला हे वेगळं सांगायची गरज पडू नये. २०२१च्या मे महिन्यात सयाजी रुग्णालयाचे वॉर्ड म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, रुग्णांनी भरले होते. अनियंत्रित मधुमेह आणि कोरोनासाठी घेतलेलं स्टेरॉइड ही जोडी त्यातल्या अनेक रुग्णांत होती. योग्य रुग्णाला, मोजून दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने कोरोनात जीव वाचतात, हे त्याआधीच्या वर्षी सिद्ध झालेलं होतं.

याच शहराने कोरोनाच्याच काळात आणखी एक प्रयोग पाहिला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे संधिवात आणि ल्युपससारख्या आजारांतलं सगळ्यात सौम्य औषध. ल्युपसच्या जवळपास प्रत्येक रुग्णाला ते वर्षानुवर्षं चालतं. डोस वजनाच्या दर किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा आणि डोळ्यांचा पडदा ठरल्या वेळी तपासायचा, एवढी त्याची अट. २०२०च्या वसंतात ते कोरोना रोखेल या आशेने बडोद्यातल्या बाधित वस्त्यांमध्ये आणि कर्मचाऱ्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर वाटलं गेलं, आणि स्थानिक प्रशासनाने फायदा दिसल्याचंही सांगितलं. नंतर खोट्या गोळीशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत संसर्गापासून बचाव दिसला नाही. हेतूबद्दल मला शंका नाही, तेव्हा सगळेच अंधारात चाचपडत होते. पण ज्या औषधाच्या भरवशावर ल्युपस झालेल्या बायका उभ्या होत्या ते त्यांनाच दुकानात मिळेना, आणि मार्चअखेर सरकारला त्याच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. प्रतिकारशक्तीचं औषध म्हणजे धोका, असं वर्षभर आधी म्हणणारी माणसं ते रांगेत उभी राहून घेत होती. भीती आणि भरवसा दोन्ही अफवेवर चालतात, मोजणीवर नाही, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

आयुर्वेद असताना ही औषधं कशाला, हा आक्षेप अशा अफवांपेक्षा गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेणं चूक ठरेल. कोइंबतूरला शास्त्रोक्त आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशी तुलना, रुग्णाला आणि तपासणाऱ्याला काय दिलंय ते न कळू देता, खरोखर केली गेली. २०११मध्ये ती छापून आली, आणि तिन्ही गटांत मोठा फरक आढळला नाही. पण रुग्ण होते त्रेचाळीस. इतक्या लहान गटात खरा फरकही निसटू शकतो, आणि सांध्याची झीज रोखली गेली का, याला लांबचा पल्ला लागतो. मला त्यातून घ्यावंसं वाटतं ते हे: तिथल्या वैद्यांनी औषध मोजून, नोंदवून, तपासण्या करत दिलं. अशा वैद्याशी वाद घालायचं कारण नाही. वाद आहे तो लेबल नसलेल्या पुडीशी.

मग क्षयरोग. जगातले सुमारे पाव क्षयरुग्ण भारतात असताना प्रतिकारशक्ती दाबायची कशी, हा प्रश्न अगदी रास्त आहे. २००१मध्ये इन्फ्लिक्झिमॅब हे बायॉलॉजिक वर्गातलं इंजेक्शन घेणाऱ्यांतल्या क्षयाच्या ७० नोंदी प्रसिद्ध झाल्या, आणि त्या तेव्हापासून या वर्गातल्या इंजेक्शनांची वाट बदलून गेल्या. आज बायॉलॉजिक सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी होते, गरज पडली तर आधी त्याचा उपचार. शेजारच्या अहमदाबादच्या कंपनीने २०१४ साली अडॅलिमुमॅब या अशाच इंजेक्शनाची स्वस्त आवृत्ती बाजारात आणल्यापासून ही इंजेक्शनं मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. म्हणून ही पायरी गाळण्याचा मोहही वाढला आहे, आणि तो खरा धोका आहे.

उरतो अंतराचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. छोटा उदेपूरच्या पलीकडून बडोद्याला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली. जिथे देखरेख शक्य नाही तिथे ही औषधं देऊच नयेत, वेदनाशामकांवर भागवावं, असं काही अनुभवी डॉक्टरही म्हणतात. पण वर्षानुवर्षांची वेदनाशामकं मूत्रपिंड आणि जठर खातात, आणि वाकडी झालेली बोटं परत सरळ होत नाहीत. १९०७पासून ॲलेम्बिक जिथे औषधं बनवतेय त्या शहराच्या आसपास गोळीचा तुटवडा हे कारण असूच शकत नाही. रक्तपेशी, एसजीपीटी, क्रिएटिनिन या तपासण्याही तालुक्याच्या आरोग्य केंद्राच्या आवाक्यातल्या आहेत. आकडे फोनवर शहरात पोचले तर माणसाला दर महिन्याला यायची गरज उरत नाही, आणि क्षयाच्या कार्यक्रमात लाखो रुग्णांच्या गोळ्यांचा पाठपुरावा करणारी यंत्रणा गावोगाव आधीच आहे. हातात हवं ते एक कार्ड. त्यावर गुजरातीत, अक्षरांत लिहिलेला वार. गोळी एकाच ताकदीची आणि एका वेळी चारच आठवड्यांची. मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट निदान तीन महिने आधी सोडायचं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र चालू ठेवायचं, हे बाईला आणि तिच्या घरच्यांना आधीच सांगितलेलं. आणि खाली मोठ्या अक्षरांत: ताप, कोरडा खोकला किंवा तोंडात फोड आले तर त्या आठवड्याची गोळी घेऊ नका, फोन करा, स्टेरॉइड चालू असेल तर ते मात्र स्वतःहून बंद करू नका.