व्हिसा बीजिंगचा, सल्ला उस्मानपुऱ्याचा

पाच वर्षांच्या खंडानंतर भारताने २४ जुलै २०२५ पासून चिनी नागरिकांना पर्यटन व्हिसा देणं पुन्हा सुरू केलं. अर्ज ऑनलाइन भरायचा, वेळ घ्यायची आणि पासपोर्ट घेऊन बीजिंग, शांघाय किंवा ग्वांगझूच्या केंद्रावर जायचं, अशी ती रीत. २०१५ मध्ये याच लोकांना घरबसल्या ई-व्हिसा मिळू लागला होता, हे आठवलं की दार अर्धंच उघडलंय असं वाटतं. २०२५ च्याच ऑक्टोबरात कोलकाता-ग्वांगझू थेट विमानही सुरू झालं. चर्चा या दोन गोष्टींपाशीच थांबते, पण अजिंठा-वेरूळ बघायला निघालेल्या माणसाची खरी पंचाईत व्हिसा हातात पडल्यावर सुरू होते. त्या पंचाईतीची उत्तरं बीजिंगच्या एजंटापेक्षा छत्रपती संभाजीनगरात स्टेशनच्या वाटेवरच्या उस्मानपुऱ्यातल्या ट्रॅव्हल्सवाल्याला जास्त ठाऊक असतात. इथल्या लोकांचे बाहेरगावचे अर्ज भरून त्याला माणूस कुठे अडतो हे कळलेलं असतं. तीच जाण उलट दिशेने वापरायची आहे.

सुरुवात गावाच्या नावापासूनच होते. शहर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, रेल्वे स्टेशनचं नाव आणि कोडही २०२५ मध्ये बदलले, पण जुन्या प्रवासी पुस्तकांत आणि बुकिंगच्या कित्येक ठिकाणी अजून औरंगाबादच आहे. त्यात बिहारमध्ये गया जिल्ह्याला लागून दुसरं औरंगाबाद. बोधगया करून अजिंठ्याला येऊ पाहणाऱ्या बौद्ध यात्रेकरूने नकाशावर भलतंच गाव धरलं, तर दोष त्याचा नाही. मग वाराचा हिशेब. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम ठेवला तर दोन दिवसांत दोन्ही होतं. उलटा ठेवला तर दोन्ही दिवशी बंद फाटक, आणि अजिंठ्याची शंभर किलोमीटरची खेप फुकट. तिकिटाचीही एक गंमत आहे. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या पाहुण्यांना भारतीयांच्याच दराने, चाळीस रुपयांत आत जाता येतं. म्हणजे थायलंडचा माणूस चाळीस देतो आणि सीमेला सीमा लागलेल्या चीनचा सहाशे. हे आधी सांगितलं नाही तर खिडकीवर आपल्याला लुबाडतायत असाच त्याचा समज होणार.

सगळ्यात गुंतागुंतीचा प्रश्न मात्र फोनचा. चिनी माणसाचं बोलणं, पैसे, तिकिटं सगळं वीचॅटवर, आणि वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. इथलं सिम घातलं की घरच्यांशी संपर्क तुटतो. चिनी सिम रोमिंगवर ठेवलं तर इंटरनेट बहुतेक वेळा चीनमधूनच फिरून येतं, म्हणून वीचॅट चालतं, पण तिकडची बंधनंही सोबत येतात आणि गूगलचा नकाशा उघडत नाही. तेव्हा सल्ला एकच: दोन्ही सिम ठेवा. पैशांचंही तसंच. क्यूआर कोड त्याच्या हाडीमाशी खिळलेला, इथे चहाच्या टपरीवरही तोच कोड दिसतो, पण त्याचं ॲप त्यावर चालत नाही. परदेशी पाहुण्यांसाठी २०२३ मध्ये आलेलं यूपीआय वन वर्ल्ड वॉलेट पासपोर्ट-व्हिसा दाखवून घेता येतं. ते विमानतळावरच उरकलेलं बरं, शिवाय थोडी रोकड खिशात हवीच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गलवानच्या चकमकीनंतर यांच्यासाठी एवढी धावपळ कशाला, आणि सुरक्षेचं काय? सुरक्षेची व्यवस्था आधीच आहे. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत हॉटेलने त्याची नोंद ऑनलाइन करायची असते. धंद्यात त्याला सी फॉर्म म्हणतात. नीट दिलेला सल्ला या व्यवस्थेला मदतच करतो. ड्रोन घरी ठेवून या. उपग्रहावरून बोलणारा फोन परवानगीशिवाय भारतात चालत नाही, आणि चीनमधल्या काही नव्या मोबाइलमध्ये ती सोय असते, तेव्हा तो नीट तपासून घ्या, असं आधी सांगितलं तर पोलिसांचाही वेळ वाचतो. राजकारणाचं म्हणाल तर २०१२ मध्ये चीनने पासपोर्टवर अरुणाचल आपला दाखवणारा नकाशा छापला, तेव्हा भारताने त्याच पासपोर्टांवर स्वतःच्या नकाशाचा व्हिसा उमटवायला सुरुवात केली. वाद तसाच राहिला आणि २०१९ मध्ये तीन लाखांहून जास्त चिनी लोक भारतात येऊन गेले.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. २०१९ मध्ये चीनमधून परदेशी गेलेल्यांच्या फेऱ्या पंधरा कोटींच्या घरात होत्या. त्यापुढे हे तीन लाख म्हणजे किस झाड की पत्ती, आणि त्यातले मराठवाड्यापर्यंत पोचणारे आणखी थोडे. मग खटाटोप का? एक तर या पाहुण्याला अजिंठ्याची ओळख शून्यापासून करून द्यावी लागत नाही. सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आलेला चिनी बौद्ध भिक्षू श्वेनझांग (ह्युएन त्संग) त्याला लहानपणापासून ठाऊक असतो. दारापाशी दगडी हत्ती असलेल्या ज्या डोंगरातल्या विहाराचं वर्णन त्याने केलंय, तो अजिंठाच असं बहुतेक अभ्यासक मानतात. चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांतली चित्रं पाहिलेल्या माणसाला पहिल्या लेण्यातला पद्मपाणी समजावताना गाइडचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. अशा पाहुण्याला दीड दिवसात गुंडाळून मुंबईच्या गाडीत बसवणं हा धंद्याचाच तोटा. आणि या सगळ्या सल्ल्याचं चिनी भाषेतलं एक पान तयार झालं की ते चिनी नागरिकांपुरतं राहत नाही. सिंगापूर आणि मलेशियातून येणारे चिनी वाचकही तेच वाचतील. तैवानच्या लोकांसाठी मात्र ते पारंपरिक लिपीत वेगळं छापावं लागेल, आणि वीचॅटचा परिच्छेद काढून तिथे लाइन ॲपचा घालावा लागेल.