शिकारीच्या होडीत खोटी बदकं मागेच का ठेवतात? आणि तानसा नदीत असं केलं तर काय होईल?

भिवंडीजवळचं अकलोली म्हटलं की तानसा नदी आणि गरम पाण्याची कुंडं आठवतात. समजा, बदकांच्या शिकारीचे परदेशी व्हिडिओ बघून कुणी याच नदीत लाकडी बदकं भरलेली होडी उतरवली, तर? त्याआधी ही होडी काय असते ते बघू.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीत बार्नेगाट नावाचा उपसागर आहे. १८३६ च्या सुमारास तिथल्या हेझल्टन सीमन यांनी 'स्नीकबॉक्स' नावाची होडी बनवली. साधारण १२ फूट लांब, बसकी आणि वरून जवळपास बंद. शिकारी मधल्या खाचेत आडवा होतो, होडीवर गवत पसरतो आणि दिसेनासा होतो.

त्याच्यासोबत असतात लाकडी बदकं. ती पाण्यावर तरंगताना दिसली की उडणाऱ्या खऱ्या बदकांना जागा सुरक्षित वाटते आणि ती खाली उतरतात.

मग ही बदकं मागेच का?

वल्ही मारणाऱ्याचं तोंड होडीच्या मागच्या बाजूला असतं. त्यामुळे मागे रचलेली बदकं त्याच्या नजरेसमोर राहतात. मधली जागा झोपायला मोकळी मिळते. बदकं घसरू नयेत म्हणून कडेला फळ्या लावतात. उंचावर जास्त वजन झालं तर होडी डुलते, म्हणून तिथली बदकं आतून पोकळ आणि हलक्या लाकडाची असायची.

आपल्याकडे चालेल का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून काही प्राण्या-पक्ष्यांची शिकार करता यायची. १९९१ च्या दुरुस्तीनंतर ते परवानेही बंद झाले.

महत्त्वाचं म्हणजे, शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं हेही कायद्याने शिकारच आहे. म्हणजे पक्षी मारण्यासाठी खोटी बदकं पाण्यात सोडली, तर एकही पक्षी न मरता गुन्हा होऊ शकतो. याच नदीवर वरच्या बाजूला तानसा अभयारण्य आहे. अभयारण्यातल्या शिकारीला शिक्षा आणखी कडक आहे.

हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक असे पाहुणे हजारो किलोमीटर उडून महाराष्ट्रातल्या पाणथळ जागांवर येतात. त्यांचे फोटो जरूर काढा. पण कुणी जाळं किंवा बंदूक घेऊन दिसलं, तर रील बनवत बसू नका. वन विभागाची हेल्पलाइन आहे, १९२६. आधी तिथे फोन करा.