पाण्याखालची वाट : जागलीला कोण?

रात्रीच्या डाइव्हबद्दल या रविवारी लिहिणार होतो. ते पुढं ढकलतोय. कारण मानोऱ्याहून आलेला एक फोन.

"सर, पोरगं पुन्याहून मालदीवले चाल्लं. सात दिवस बोटीवरच झोपनार म्हन्ते. हॉटेल नाही, काही नाही. ते बोट चांगली हाये का वाईट, हे आपल्याले कसं समजावं?"

मुलानं पुण्यात नोकरी करता करता स्कूबाचा कोर्स पूर्ण केला आहे. त्याच्या ग्रुपनं तीन बोटी हेरल्या आणि वडिलांनी तिन्हींचे फोटो मला फॉरवर्ड केले. वरच्या डेकवर जाकुझी, आरामखुर्च्या, ताटात कापलेलं कलिंगड, मावळता सूर्य. खालच्या केबिनमधून बाहेर पडायची वाट मात्र एकाही फोटोत नव्हती.

तारकर्लीची बोट आता आपल्या नेहमीच्या वाचकांच्या ओळखीची आहे. ती सकाळी निघते आणि जेवणाच्या वेळेला माणसं किनाऱ्यावर परत. तिथं काय बघायचं ते सांगून झालंय: लाइफ जॅकेट अंगात, बोटीत माणसं बेतानं, चढताना-उतरताना मोजणी. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघं गेले. त्यातला एक आपल्या शेजारच्या अकोल्याचा होता. त्यामुळे ही काळजी वाशीमच्या माणसानं करण्यासारखी नाही, असं कुणी म्हणू नये.

लाइव्हअबोर्डचं प्रकरण निराळं. आठवडाभर बोट हेच घर, हेच हॉटेल आणि हेच डाइव्ह सेंटर. किनाऱ्यावरून रोज जाऊन येणं परवडणार नाही अशा रीफपाशी ती रात्रीतून नेऊन ठेवते आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह होतात. मालदीव, इजिप्तकडचा तांबडा समुद्र, थायलंडची सिमिलान बेटं, इंडोनेशियाचं कोमोडो हे तिचे नेहमीचे मुलूख. मालदीवात तिला सरळ 'सफारी बोट' म्हणतात.

लोक ही बोट डाइव्हिंगकडे बघून निवडतात: मासे कुठले दिसतील, मांटा दिसेल का, गाइड कसा आहे. माझं म्हणणं, ती झोपेकडे बघून निवडावी. पाण्याखाली आपण जागे असतो, जोडीदार शेजारी असतो, मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो, हवेच्या काट्याकडे नजर असते. बोटीवर आपण रोज सात-आठ तास गाढ झोपतो, तेही बहुधा पाण्याच्या पातळीखालच्या केबिनमध्ये. गेल्या काही वर्षांतले दोन सगळ्यात वाईट अपघात रात्रीच झाले.

पहिला २ सप्टेंबर २०१९ चा. कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ 'कन्सेप्शन' नावाची ७५ फुटी डाइव्ह बोट नांगरून उभी होती. १९८१ साली बांधलेली, लाकडाची, वर फायबरग्लासचं वेष्टण. बोटीवर ३९ माणसं. पहाटे तीनच्या सुमाराला मधल्या डेकवरचं सलून, म्हणजे जेवायची-बसायची खोली, पेटलेलं आढळलं. खालच्या एकाच मोठ्या खोलीत ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी झोपलेले होते. ते सगळे, चौतीसच्या चौतीस, गेले. वरच्या डेकवर झोपलेले पाच कर्मचारी तेवढे वाचले. मृतांमध्ये अमेरिकेत राहणारं, नागपूरशी नातं असलेलं एक तरुण दांपत्य होतं. आपल्याकडच्या पेपरांत ती बातमी पहिल्या पानावर आली होती, पुष्कळांना आठवत असेल.

चौतीस जणांना बाहेर का पडता आलं नाही? खोलीला वाटा दोन होत्या. एक पुढचा जिना. दुसरी मागच्या टोकाच्या बर्थवरची, छतातलं झाकण उघडून वर चढायची. कागदावर सगळं नियमात. पण दोन्ही वाटा निघत होत्या त्याच सलूनमध्ये, आणि आग तिथंच होती. धुराची सूचना देणारं यंत्र झोपायच्या खोलीत होतं, सलूनमध्ये नव्हतं. तसा नियमच नव्हता. म्हणजे खाली यंत्र वाजेपर्यंत वर पेट घेऊन झालेला असणार.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं वर्षभर तपास केला. ठिणगी नेमकी कशानं पडली हे त्यांना ठरवता आलं नाही, एवढं सगळं जळून गेलं होतं. पण आग इतकी वाढेपर्यंत कुणाला पत्ता का लागला नाही, याचं उत्तर स्वच्छ होतं. रात्री एक माणूस फिरता पहारा देईल, अशी अट त्या बोटीच्या प्रमाणपत्रातच होती. त्या रात्री पहाऱ्याला कुणी नव्हतं. सगळे झोपले होते. कप्तानावर खटला चालला, नोव्हेंबर २०२३ मध्ये तो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे हरभरा घाटे धरायला लागला की रोही आणि डुकरं येतात, म्हणून शेतात जागलीला माणूस जातो. माळ्यावर बॅटरी घेऊन बसतो, अधूनमधून एक चक्कर मारतो, हाळी देतो. सगळं गाव शेतात नेऊन झोपवलं आणि जागं कुणीच राहिलं नाही, तर डुकरांना काय फरक पडतो? बोटीचं तसंच. खलाशी दहा आहेत की पंधरा, याला रात्री दोन वाजता फारसा अर्थ नसतो. जागलीला कोण, एवढाच प्रश्न उरतो.

मानोऱ्याच्या गृहस्थांना मी हे असंच सांगितलं. त्यांना ते पटकन कळलं. मुलाला समजवायला जास्त वेळ लागला.

दुसरा अपघात 'सी स्टोरी'चा. ही बोट २०२२ मध्ये बांधलेली, म्हणजे अगदी कोरी, ४४ मीटर लांब, चार डेकची. फोटोंत बघाल तर डोळे दिपतील. २५ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटेच्या अंधारात इजिप्तच्या मार्सा आलमजवळ तांबड्या समुद्रात ती कलंडली. चाळीसहून अधिक माणसं होती, अकरा जण मृत किंवा बेपत्ता झाले. काही जण उलट्या झालेल्या बोटीच्या आत, हवा साचून राहिली होती तेवढ्या जागेत, एक दिवसाहून जास्त अडकून होते आणि पाणबुड्यांनी त्यांना जिवंत बाहेर काढलं. त्याच समुद्रात २०२३ मध्ये 'कार्लटन क्वीन' उलटली होती आणि 'हरिकेन'ला आग लागून तीन ब्रिटिश पर्यटक गेले होते. शेवटी ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेनं तिथल्या बोटी नीट पारखून घ्या, असा जाहीर इशारा २०२५ मध्ये दिला.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. कन्सेप्शन जुनी होती, सी स्टोरी नवी. एक स्थिर उभी होती, दुसरी चालती. एकीला आगीनं खाल्लं, दुसरीला पाण्यानं. बोटीचं वय, डेकची संख्या, पंचतारांकित जेवण, यांवरून सुरक्षिततेची खात्री मिळत नाही. उलट वर चढवलेला प्रत्येक मजला आणि त्याच्यावरची पाण्यानं भरलेली जाकुझी बोटीचं वजन वर नेते. वजन वर गेलं की बोट कलल्यावर सावरायला कष्ट पडतात. म्हणून बोटीची स्थिरतेची चाचणी कधी झाली, आणि त्यानंतर वर काही बांधकाम वाढवलं का, हे विचारलंच पाहिजे. लॉइड्स, ब्यूरो व्हेरितास किंवा आपलं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग अशा नामांकित संस्थेनं तपासलेली बोट असेल तर मालक ते मिरवून सांगतो. नसेल तर विषय बदलतो.

आता माझा आवडता विषय, म्हणजे झाकण. मालेच्या विमानतळाच्या दारातून बाहेर पडलं की समोरच जेट्टी. सामान डिंगीत, तुम्ही डिंगीत आणि दहा-पंधरा मिनिटांत मोठ्या बोटीवर. लगेच नारळपाणी हातात येतं आणि सगळे वर फोटो काढायला पळतात. मी खाली जातो. एका बोटीवर (नाव सांगत नाही) गॅलरीच्या टोकाला छतात चौकोनी झाकण होतं, त्यावर हिरव्या रंगात धावत्या माणसाचं चित्र. लोखंडी शिडीवर चढून हातानं रेटलं तर हलेना. खांदा लावला, तरी हलेना. वर जाऊन बघितलं, तर झाकणावर पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचे खोके, तिघांच्या आठवड्याला पुरतील इतके. खलाशाला दाखवलं. तो हसला, त्यानं खोके उचलले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा तिथंच. जागा सावलीची होती ना!

म्हणून बोटीवर चढल्यावर पहिल्या संध्याकाळी ही तालीम करा. आणीबाणीचं झाकण स्वतःच्या हातानं उघडून बघा. ते कुठं निघतं ते बघा. जिना निघतो त्याच खोलीत निघत असेल तर ती दुसरी वाट म्हणून मोजायचीच नाही. मग डोळे मिटून, भिंतीला हात लावून, आपल्या केबिनपासून झाकणापर्यंत चाला आणि वाटेत किती दारं लागली ते मोजा. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. लोक हसतील. हसू द्या.

चार्जिंगचं बघा. डाइव्हरच्या ग्रुपकडे टॉर्च, कॅमेरे, फ्लॅश, कुणाकडे पाण्याखालची स्कूटर, आणि सगळ्यांत लिथियम बॅटऱ्या. बिघडलेली लिथियम बॅटरी एकदा तापली की तिच्या आतली रासायनिक क्रिया आणखी उष्णता काढते, ती उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि मग ते थांबवणं अवघड. चांगल्या बोटीवर चार्जिंगची जागा उघड्या डेकवर असते, माणसांच्या नजरेसमोर, आणि रात्री तिचा मेन स्विच बंद करतात. केबिनमध्ये उशीजवळ स्कूटरची बॅटरी लावून झोपू देणारी बोट सोडून द्या. कन्सेप्शननंतर अमेरिकेनं २०२१ च्या अखेरीस जे नियम केले, त्यात एकमेकांना जोडलेली आगसूचक यंत्रणा, बाहेर पडायच्या स्वतंत्र वाटा, पहारेकरी खरोखर फिरतोय का हे नोंदवणारं यंत्र आणि बॅटऱ्या हाताळायची पद्धत, हे सगळं आलं. मालदीवच्या बोटीला तो कायदा लागू नाही, पण प्रश्न विचारायला तो उत्तम नमुना आहे.

मालदीवची एक पद्धत मला फार आवडते. तिथं मोठ्या बोटीबरोबर एक वेगळी 'धोणी' असते. सिलिंडर, कॉम्प्रेसर, ओले सूट, सगळं तिच्यावर. डाइव्हला जायचं तेही तिच्यातूनच. कॉम्प्रेसरची धडधड झोपायच्या जागेपासून लांब राहते, आणि मोठ्या बोटीचं काही बरंवाईट झालं तर माणसं उचलायला दुसरी बोट हाकेच्या अंतरावर असते. धोणीवर गेल्यावर एवढं बघा की कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी इंजिनाच्या धुराड्यापासून दूर आहे ना. तो धूर सिलिंडरमध्ये गेला तर कार्बन मोनॉक्साइड तुम्ही वीस मीटर खोल श्वासातून घेणार.

ऑक्सिजनचा हिशेबही आधी करून टाकू. "ऑक्सिजन आहे" या उत्तरावर थांबू नका. किती आहे ते विचारा. १० लिटरचा, २०० बारनं भरलेला सिलिंडर म्हणजे २००० लिटर. डीकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होण्याचा त्रास झालेल्या डाइव्हरला मिनिटाला १५ लिटर दिला, तर तो जेमतेम सव्वादोन तास पुरतो. त्यावर उपचारासाठी लागणारं एक रिकम्प्रेशन चेंबर मालेजवळच्या बंडोस बेटावर आहे. बोट दक्षिणेकडच्या एखाद्या दूरच्या अटॉलमध्ये असेल, तर सव्वादोन तासांत ती तिथं पोचत नाही.

तर मुलानं तिन्ही बोटींना पाठवलेला मेसेज असा होता: रात्री पहाऱ्याला कोण असतं आणि त्याची नोंद ठेवता का? खालच्या केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वाटा कुठं निघतात, फोटो पाठवा. चार्जिंग कुठं होतं? ऑक्सिजन किती लिटर? बोटीची शेवटची तपासणी कुणी, कधी केली?

एका बोटीनं दोन दिवसांत झाकणाचा आतून आणि बाहेरून काढलेला फोटो, पहाऱ्याच्या वहीचं एक पान आणि तपासणीचा कागद पाठवला. दुसरीनं "आमच्याकडे आजवर काही झालं नाही" असं कळवलं. तिसरीनं दहा टक्के सूट देऊ केली. ग्रुपमधल्या दोघांचा जीव त्या सवलतीवर आहे. मुलगा पहिलीच घ्यायची म्हणतोय. पैसे भरायच्या आधी तिघांनी बसून मिटवा, असं मी सांगितलं आहे, कारण बोटीवर गेल्यावर भांडून उपयोग नसतो.

रात्रीच्या डाइव्हचं पुढच्या रविवारी. त्यात प्रत्येकाकडे दोन टॉर्च का लागतात, तिथून सुरुवात करू. रिसोडच्या वाचकानं बोट लागण्याच्या गोळीबद्दल विचारलंय, तेही त्यातच घेतो. तोवर त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, काही गोळ्यांनी झापड येते.