न्यूट्रॉनची साक्ष

ज्या विद्येवरील खर्च सरकारी खजिन्यातून होतो आणि जिचे फळ पुढल्या पिढ्यांच्या पदरात पडावयाचे असते, त्या विद्येविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार केवळ तिच्या अधिकृत पंडितांनाच असावा काय? १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी असे भाकीत केले की, अणुकेंद्रांच्या संमीलनातील ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल. त्या गोष्टीला सुमारे सात दशके झाली, तरी त्या ऊर्जेवर चालणारे एकही वीजकेंद्र उभे राहिलेले नाही. या प्रदीर्घ प्रतीक्षेच्या काळात अमेरिकेत व युरोपात, घरांच्या तळघरांतून आणि गॅरेजांतून, हौशी संशोधकांचा एक वर्ग उदयास आला. तो स्वतः यंत्रे बांधतो आणि पदार्थविज्ञानापासून अंदाजपत्रकातील तरतुदींपर्यंत सर्व गोष्टींवर हिरिरीने वाद घालतो. त्या वादांचे मोल, माझ्या मते, जितके मानले जाते त्याहून पुष्कळ अधिक आहे.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे १९२७ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, सर्वस्वी इलेक्ट्रॉनांच्या साह्याने चित्र प्रक्षेपित करून दाखविणारा दूरचित्रवाणीचा अमेरिकन प्रवर्तक फायलो फार्न्सवर्थ. उत्तरायुष्यात इंडियाना प्रांतातील फोर्ट वेन येथे त्याने फ्यूजर नावाचे यंत्र सिद्ध केले. त्याचे पेटंट त्यास १९६६ मध्ये मिळाले, आणि पुढल्याच वर्षी त्याचा तरुण सहकारी रॉबर्ट हर्श याने त्यावरील आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. यंत्राची रचना हौशी माणसाच्या आवाक्यातली आहे. स्टेनलेस स्टीलच्या पोकळ गोलातील हवा व्हॅक्यूम पंपाने काढून टाकावयाची, त्यात जड हायड्रोजनचा, म्हणजे ड्यूटेरियमचा, अत्यल्प अंश सोडावयाचा, आणि मध्यभागी टांगलेल्या टंगस्टनच्या तारांच्या गोल जाळीस दशसहस्रावधी व्होल्टांचा ऋण विद्युद्दाब द्यावयाचा. त्या ओढीने धनभारित अणुकेंद्रे चोहोबाजूंनी मध्याकडे धावतात, जांभळट प्रकाश उजळतो, आणि क्वचित दोन केंद्रे एकमेकांवर आदळून एकरूप होतात. तीस हजार व्होल्टांची वीज प्राणघातक असते, आणि निरीक्षणाच्या खिडकीतून क्ष-किरण बाहेर पडतात. म्हणून जाणते हौशी डोळा लावून न पाहता कॅमेऱ्यातून पाहतात आणि खिडकीभोवती शिशाचे कवच घालतात.

परंतु जांभळा प्रकाश हा संमीलनाचा पुरावा नव्हे. तशी दीप्ती कोणत्याही विरळ वायूतून वीज नेली असता दिसते. संमीलनाची साक्ष न्यूट्रॉनने द्यावी लागते, आणि ती साक्ष रुजू झाल्यावाचून कोणाचाही दावा मान्य करावयाचा नाही, असा या मंडळींचा दंडक आहे. न्यूट्रॉन आला की बुडबुडा धरणारी, जेलने भरलेली पारदर्शक कुपी यंत्राशेजारी ठेवतात; किंवा मेणाच्या थराने न्यूट्रॉनांचा वेग मंद करून त्यांच्या माऱ्यात चांदीचा तुकडा ठेवतात आणि तो काही काळ किरणोत्सारी झाला की नाही हे किरणोत्सारमापकाने तपासतात. या दंडकामुळे जमाखर्चही लपत नाही. तीस हजार व्होल्टांवर दहा मिलिअँपिअर वीज घेणारे यंत्र ३०० वॉट खाते. ते दर सेकंदास दहा लक्ष न्यूट्रॉन देत असेल, तर संमीलनाची ऊर्जा भरते सुमारे एक मायक्रोवॉट. म्हणजे खर्च उत्पन्नाच्या तीस कोटी पट! हा हिशेब ज्याने स्वतःच्या हाताने मांडला, त्यास कोणत्याही मोठ्या घोषणेपुढे ‘ऊर्जा कोठे मोजली?’ असे विचारण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो.

अधिकृत विज्ञानालाही या शिस्तीची गरज भासली आहे. १९५८ च्या जानेवारीत हार्वेल येथील झीटा या संमीलन-यंत्रातून न्यूट्रॉन निघाल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले आणि त्या देशात जयघोष झाला. काही महिन्यांतच, ते न्यूट्रॉन तप्त वायूच्या सार्वत्रिक उष्णतेतून निपजलेले नव्हेत, असे निष्पन्न होऊन दावा मागे घ्यावा लागला. याउलट, १९६८ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तप्त वायूला चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या आपल्या टोकामाक यंत्रातील तापमानाचे आकडे सांगितले, तेव्हा पाश्चात्त्य जगाने शंका घेतली; आणि शीतयुद्ध ऐन भरात असताना इंग्लंडच्या कलहॅम येथील पथकाने लेसरची उपकरणे घेऊन मॉस्कोस जाऊन १९६९ मध्ये ते आकडे खरे ठरविले. टोकामाकचा जगभर अंमल सुरू झाला तो या तपासणीनंतर.

त्यापुढील इतिहासात विज्ञान आणि राजकारण यांची सरमिसळ होते, आणि हौशींचे वाद येथेच सर्वांत तीव्र होतात. फ्यूजरवर काम केलेला हर्शच १९७२ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगातील संमीलन विभागाचा प्रमुख झाला आणि त्याच्या कारकिर्दीत सरकारी पैशाचा ओघ टोकामाककडे वळला. १९७३ च्या तेलसंकटानंतर तरतुदी वाढल्या. शतक संपण्यापूर्वी प्रात्यक्षिक केंद्र उभे करण्याचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या कायद्यावर १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केली. पण पुढील सरकारांनी त्या मानाने पैसा दिला नाही. पैसा आटला म्हणून यश आले नाही, की यश दिसेना म्हणून पैसा आटला, याचा निवाडा आजही झालेला नाही.

हर्शचा तेव्हाचा सहकारी रॉबर्ट बसार्ड याने फ्यूजरचे मूळ वैगुण्य, म्हणजे अणुकेंद्रे तारांच्या जाळीवर आदळून वाया जाणे, दूर करण्यासाठी जाळीच्या जागी चुंबकांनी कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांचा मेघ योजला. या यंत्रास पॉलिवेल म्हणतात. अमेरिकन नौदलाच्या पैशावर हे काम चालले, पण निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची मुभा दीर्घकाळ नव्हती. पैसा संपल्यावर नोव्हेंबर २००६ मध्ये बसार्डने कॅलिफोर्नियात जाहीर व्याख्यान देऊन सुमारे वीस कोटी डॉलरांची मागणी केली. त्याच महिन्यात पॅरिस येथे भारतासह सात भागीदारांनी महाकाय टोकामाक उभारण्याच्या ईटर करारावर सह्या केल्या. हौशींत तत्काळ दोन तट पडले. एकाचे म्हणणे, प्रस्थापितांनी स्वस्त मार्ग दाबून टाकला. दुसऱ्याने टॉड रायडरचा एमआयटीतील १९९५ चा प्रबंध पुढे केला, ज्याच्या गणिताप्रमाणे पॉलिवेलमधल्यासारख्या, औष्णिक समतोल न साधलेल्या वायूला त्या स्थितीत टिकविण्यास लागणारी शक्ती संमीलनातून मिळणाऱ्या शक्तीहून अधिक ठरते. बसार्ड २००७ मध्ये वारला. नौदलाने पुन्हा पैसा दिला, तरी निव्वळ ऊर्जा देणारे पॉलिवेल आजवर सिद्ध झालेले नाही. त्याचा पक्ष दुबळा राहिला याचे एक मोठे कारण असे की, शेवटच्या प्रयोगांतील न्यूट्रॉनच्या नोंदी अगदी थोड्या होत्या, चुंबकाचे वेटोळे जळून यंत्र निकामी झाले होते, आणि गुप्ततेमुळे प्रतिपक्षास कित्येक वर्षे तपासणीची संधीच नव्हती.

हा वाद आपल्यालाही परका नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थेत ‘आदित्य’ हा टोकामाक १९८९ पासून चालला. ईटरचे प्रचंड क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला वेढणारे निर्वात शीतपात्र, भारताच्या वाट्याचे, आणि त्याचे भाग हजिरा येथे घडले. हा खर्च आपल्या करातून होतो आणि तो योग्यच आहे, असे मी मानतो. परंतु ‘योग्य’ हा शब्द नागरिकाने दफ्तर तपासून उच्चारावा, केवळ श्रद्धेने नव्हे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे इंधनाच्या गोळीवर लेसरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकून ३.१५ मेगाज्यूल मिळाली, तेव्हा लेसर चालविण्यास लागलेली, त्या लेसर-ऊर्जेच्या शंभर पटींहून अधिक असलेली वीज त्या हिशेबात धरलेली नाही, हे ज्यास समजते तोच त्या यशाचा खरा गौरव करू शकतो. असे समजणारे लोक आपल्या महाविद्यालयांतून, विज्ञान-मंडळांतून तयार व्हावेत. दावा करणाऱ्याने मोजमाप उघडे ठेवावे, विरोधकास उपकरणासह आत येऊ द्यावे, आणि निष्कर्ष प्रतिकूल निघाला तर तो जाहीर करावा, ही रीत ज्यांनी तळघरात अंगी बाणविली, त्यांचा शब्द ऊर्जेच्या राजकारणातही ऐकला गेला पाहिजे.