नदी गढूळ होते ती वावरात

मेळघाटात दोन दिवस पाऊस लागून राहिला की दर्यापुरात चंद्रभागेचे पाणी दुधाच्या चहासारखे दिसू लागते. पूर ओसरतो, पण पाण्याचा गढूळपणा रेंगाळतो. त्या पाण्याचा एक पेला भरून ठेवला, तर वाळू लगेच तळाशी बसते. वरचे पाणी मात्र बराच वेळ मातकटच राहते. हा रंग डोंगरातून आलेला असतो, असे समजण्याची सवय आहे. खरे तर त्यातला मोठा भाग नदीच्या दोन्ही अंगांच्या वावरांतून आलेला असतो.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. पाण्यातले रोगजंतू मारण्यासाठी आपण क्लोरीन किंवा ब्लिचिंग पावडर वापरतो. गढूळ पाण्यात हे औषध कमी पडते. जंतू मातीच्या बारीक कणांआड दडतात आणि क्लोरीनचा बराचसा भाग कणांसोबतच्या सेंद्रिय घाणीशी झटापट करण्यातच संपतो. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची मर्यादा १ एकक ठेवली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ एककांपर्यंत सवलत आहे. पावसाळ्यात गॅस्ट्रो, कावीळ आणि विषमज्वराचे रुग्ण वाढतात, त्यामागे फुटलेली जलवाहिनी असते, उघड्यावरची घाण असते; आणि औषध टाकूनही पुरते शुद्ध न झालेले गढूळ पाणीही असते.

दर्यापूर तालुक्याला नदीचे पाणी बिघडणे इतरांपेक्षा महाग पडते. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा आणि पुढे जळगावपर्यंत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या या पट्ट्यात विहीर किंवा बोअर खणली की अनेक ठिकाणी खारे पाणीच लागते. पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे, पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालेल, असे मानक सांगते. इथल्या कित्येक विहिरी ही शेवटची पायरीही ओलांडतात. शरीरात जाणारे सोडियम वाढले की रक्तदाब वाढतो आणि वर्षानुवर्षे चढा राहिलेला रक्तदाब मूत्रपिंडे खराब करतो, हे वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे. या भागात किडनीच्या आजाराची धास्ती घरोघर का आहे, ते यावरून कळावे. जमिनीखालचे पाणी असे असल्यामुळे गोडे पाणी म्हणजे पावसाचे, नदीचे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांचे. एवढीच शिल्लक आहे.

आता वावरातल्या मातीकडे येऊ. पूर्णाकाठची काळी माती निम्म्याहून अधिक चिकणमातीची. तिच्या अतिबारीक कणांवर ऋणभार असतो. त्यांच्याभोवती कॅल्शियम असेल तर कण एकमेकांना धरून ढेकळे बनवतात. सोडियम जास्त असेल तर कण सुटे होतात आणि पाण्यात तरंगत राहतात. खारपाणपट्ट्यातल्या अनेक जमिनींत सोडियम जास्त आहे. अशी माती ओली झाली की फुगते, तिची छिद्रे बुजतात, पाणी आत मुरत नाही. मग ते वरून वाहते आणि जाताना सुटे झालेले कण घेऊन जाते. पूर्णेच्या काठाने पडलेल्या खोल घळी ही याच कहाणीची दुसरी बाजू.

गढूळ पाण्यात आजी तुरटी फिरवायची, ते इथे आठवावे. तुरटीतले ॲल्युमिनियम मातीच्या कणांचा ऋणभार मारते, कण एकत्र येतात आणि खाली बसतात. शेतात जिप्सम टाकले की त्यातले कॅल्शियम जवळपास हेच काम जमिनीतच करते. ते सोडियमला कणांवरून हुसकावते, माती पुन्हा दाणेदार होते, पाणी मुरते आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर खाली किंवा चरांतून बाहेर जाते. जिप्सम, धैंच्यासारखे हिरवळीचे खत आणि रुंद वरंबा-सरीवर पेरणी, हे उपाय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या जमिनींसाठी वर्षानुवर्षे सांगितले आहेत. ते सांगितले जातात पिकाच्या उत्पन्नासाठी. नदीचा फायदा त्यात आपोआप येतो, पण त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

अडचण धुऱ्यावर सुरू होते. एकाने सरी काढून पाणी बाहेर सोडले की ते खालच्याच्या कपाशीत जाते. खालच्याने धुरा उंच केला की वरच्याच्या तुरीत पाणी साचते आणि तूर उधळते. पावसाळ्यातली निम्मी भांडणे या पाण्याची. जिप्सम एकट्याने टाकता येते, पण पाण्याला वाट एकट्याने देता येत नाही. वरच्या वावरापासून नाल्यापर्यंत एका रेषेत जमीन असलेले दहा-पंधरा शेतकरी एकत्र बसले, तरच चर, गवताचा पट्टा आणि शेततळे यांना अर्थ येतो. इथल्या चिकणमातीत शेततळ्याचे पाणी फारसे झिरपत नाही, ही या मातीची एक मेहेरबानीच. वावरातून आलेले पाणी तळ्यात थांबते, गाळ तिथेच बसतो आणि हरभऱ्याला एखादे ओलीत मिळते.

असे एकत्र बसवण्याचा मोठा सरकारी प्रयत्न म्हणजे २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजेच 'पोकरा'. त्यातल्या ५ हजारांवर गावांमध्ये पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची ९३२ गावे होती. गावोगाव ग्राम कृषी संजीवनी समिती नेमली गेली, पाण्याचा ताळेबंद मांडला गेला, आराखडा एकेका शेताऐवजी पाणलोटाचा करायचा असे ठरले. कल्पना योग्य होती. मात्र ठिबक, तुषार, मोटार यांसारखे अनुदान खात्यावर येणारे वैयक्तिक लाभ लोकांना जवळचे वाटतात, आणि चार जणांच्या वावरातून जाणारा सामाईक चर मागे पडतो. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. नदीकाठी १०० मीटर लांबीत ५ मीटरचा गवताचा पट्टा सोडायचा म्हणजे ५ गुंठे, म्हणजे एकराचा आठवा भाग पडीक टाकणे. तीन एकरवाल्याने ते कोणासाठी करावे?

हा प्रश्न अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने वेगळ्या पद्धतीने सोडवला. सुमारे ९० लाख लोकांना पुरणारे त्या शहराचे पाणी दूरच्या कॅट्सकिल डोंगराळ भागातून येते आणि त्यातले बहुतेक गाळण प्रकल्पाशिवाय पुरवले जाते. १९९० मध्ये शहराने तिथल्या गोठ्यांवर आणि शेतांवर कडक नियम लादण्याचा मसुदा काढला, तेव्हा शेतकरी खवळले. वाटाघाटींनंतर १९९३ मध्ये शेतकऱ्यांचे प्राबल्य असलेली पाणलोट कृषी परिषद उभी राहिली. भाग घेणे ऐच्छिक, खर्च शहराचा; अट एकच, पाच वर्षांत ८५ टक्के शेतकरी सामील व्हायला हवेत. ते उद्दिष्ट पार झाले. अब्जावधी डॉलरच्या गाळण प्रकल्पापेक्षा शेतकऱ्याला पैसे देणे शहराला स्वस्त पडले.

वऱ्हाडात मात्र उलटा हिशेबही मांडावा लागेल. शेतातून युरिया आणि फवारणीचे औषध नदीत जाते, हे खरे. पाऊस तोंडावर असताना टाकलेला युरिया नायट्रेट होऊन वाहून जातो. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेले पाणी सहा महिन्यांच्या आतील बाळाला घातक ठरू शकते आणि पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते घट्ट होते. फवारणीचा पंप नाल्यात धुणे तर आजच बंद करता येईल. पण शहरे काय सोडतात? अमरावतीजवळून वाहणारी पेढी, अकोल्याची मोर्णा आणि खुद्द पूर्णा या तिन्ही नद्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहेत. महाराष्ट्रातले असे ५३ पट्टे त्या यादीत होते. आयुष्यभर हातात खराटा घेऊन फिरलेल्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ देह ठेवला, तो याच पेढीच्या काठी. शहराचे सांडपाणी नदीत येत राहिले, तर खालच्या गावाने ५ गुंठे कशाला सोडायचे, हा सवाल रास्तच आहे.

तरी गावाच्या हातात एक साधन आलेले आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचा संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. या संचाने क्षारता, नायट्रेट, गढूळपणा घरच्या घरी पाहता येतो. तो सहसा नळाच्या पाण्यासाठी वापरला जातो. त्याच संचाने मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन बाटल्या तपासता येतील: एक नाला गावाच्या शिवारात शिरतो तिथली, दुसरी तो नदीला मिळतो तिथली. दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहायला पाच मिनिटे लागतात.